एकच वायर

कळंबच्या नाक्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बोर्डावर 'रत्नदीप मोबाइल' लिहिलंय, म्हणजे मीच. आजूबाजूला शनिवार-रविवारची रिसॉर्टं इतकी झाली आहेत की विचारू नका. मुंबईचा माणूस इथे शांतता शोधायला येतो आणि जाताना चार्जर विसरून जातो. रिसॉर्टवर साफसफाई करणाऱ्या बाया ते विसरलेले चार्जर माझ्याकडे आणून टाकतात. चांगले, महागाचे, कोरे करकरीत. त्यातलाच एक मी वरच्या डोंगरातल्या एका वाडीवर दिला. त्या चार्जरने तिथल्या भागीचा जीव घेतला असं मी म्हटलं की माझी बायको मेघा चिडते. म्हणते, चार्जर कशाला कुणाचा जीव घेईल? बरोबर आहे तिचं. चार्जरने नाही घेतला.

पूर्वी माझ्या खणात चौदा तऱ्हेच्या पिना असायच्या. जाड पिन, बारीक पिन, चपटी, दातऱ्या असलेली. गिऱ्हाईक फोन पुढे करायचं आणि मी खणात हात घालून उचकापाचक करत बसायचो. मग हे टाइप-सी आलं. फोनला तेच, कानातल्या बोंडांना तेच, दाढीच्या मशीनला, टॉर्चला, मच्छर मारायच्या रॅकेटला, रिसॉर्टवाल्या साहेबांच्या लॅपटॉपला, सगळ्यांना तेच तोंड. मला या गोष्टीचा केवढा आनंद झाला होता! निदान एका बाबतीत तरी माणसं शहाणी झाली, असं मी येईल त्याला सांगायचो. साहेबाच्या लॅपटॉपचा चार्जर आदिवासी ठाकराच्या फोनला चालतो, आहे कुठे अशी समानता, असं भाषणच ठोकायचो. मेघा म्हणायची, तुमी निवडणुकीला उभे राहा.

पण त्यात एक खोड आहे, आणि ती मला माहीत होती. स्वस्तातली टॉर्च किंवा गळ्यात घालायचा पंखा घेऊन आठवड्याला एकतरी गिऱ्हाईक येतं. म्हणतं, नवा चार्जर लावला तरी चार्ज होत नाय. मी बघतो, तर दोन्ही टोकांना सारखंच तोंड असलेली वायर लावलेली असते. हा नवा चार्जर शहाणा असतो. तो आधी विचारतो, तू कोण, तुला किती पाहिजे. समोरून उत्तर आलं तरच वीज सोडतो. फोन उत्तर देतो. पण स्वस्तातली वस्तू बनवणाऱ्याने आतले तिळाएवढे दोन भाग वाचवलेले असतात, त्यामुळे ती वस्तू मुकी असते. तोंड सारखं, पण उत्तर नाही, म्हणून वीज नाही. जुना चपट्या तोंडाचा चार्जर असलं काही विचारत नाही, दाराशी येईल त्याला देतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, बाबा, याला जुना चार्जर आणि त्याची चपटी वायरच लाव. लावली की चालू होतं. दहा सेकंदांचं काम.

कळंबच्या वर डोंगराच्या अंगाला एक ठाकरवाडी आहे. नाव सांगणार नाही, त्यांना पुरे झालाय तेवढा त्रास. मेघा आशाताई आहे, ती वाडी तिच्याकडे येते. तिथे भागी नावाची बाई होती, चाळिशीची. तिला दम्याचा त्रास. तो सगळ्यात जास्त व्हायचा राबाच्या दिवसांत. भाताच्या रोपांची जागा भाजायला शेतात पाला, काटक्या, शेण पेटवतात, त्या धुराने पंधरा दिवस सगळं खोरं भरलेलं असतं. दर वर्षी त्या पंधरवड्यात भागीला झोळीत घालून खाली आणायला लागायचं. मेघाने एका संस्थेच्या मागे लागून लागून तिला वाफेचं मशीन मिळवून दिलं. मुठीएवढं, आतच बॅटरी. औषध घातलं, बटण दाबलं की बारीक वाफ येते, ती ओढायची. ते आल्यापासून भागी एकदाही झोळीत बसली नव्हती.

भागी मोठी बोलकी. मला म्हणायची, "शेट, तुमच्या दुकानात दम भरून मिळतो का? तेवढा एक रिचार्ज मारा की माझ्यावर." तिचा नवरा कमळ्या. कमळ्या हे त्याचं कागदावरचंच नाव, आधार कार्डावरसुद्धा कुणी बाबूने तेच चढवलंय. मी त्याला कमळूदादा म्हणतो. मला शेट म्हणू नको असं मी त्याला शंभरदा सांगितलं, पण तो काही सोडत नाही.

फेब्रुवारीत वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वायरमन येतो म्हणाला, तो अजून येतोच आहे. वाडीत वीज उरली ती अंगणवाडीच्या छपरावरच्या सोलरची. त्याची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे ऊन आहे तोवर वीज, दहा ते चार. पाटी एवढीशी आणि बोर्ड एकच. त्या एका बोर्डावर वाडीचे चार फोन आणि भागीचं मशीन.

मार्चच्या सुरुवातीला मी मेघाबरोबर वर गेलो. बोर्डापाशी बघितलं तर चार्जरांचा नुसता गुंताडा. तारा उघड्या पडलेल्या, चिकटपट्ट्या लावलेल्या. एकाची तर ठिणगी पडून कुणाची गोधडी जळाली होती. माझं डोकंच फिरलं. मरायचंय का तुमाला, म्हणून मी ओरडलो. पिशवीत त्या महागाच्या चार्जरांपैकी एक होता, तो काढला. फोन बघितले, चारही नवे, चारही टाइप-सी. एकेकाला वायर लावून बघितली, चारही चार्ज व्हायला लागले. भागी लांबून म्हणाली, "माझ्या मशीनलापन हीच का?" मी म्हणालो, "तोंड बघ की गं, सारखंच हाय. एकच वायर सगळ्यांना." मशीन तिच्या घरात होतं. दहा पावलांवर. मी म्हणालो नाही, की आण, लावून बघू. माझं भाषण चाललं होतं ना. जुने सगळे चार्जर, भागीच्या मशीनच्या चपट्या वायरीसकट, पिशवीत भरले आणि खाली येऊन भंगारात टाकले.

पुढचं सगळं कमळूदादाने मला सांगितलं, भागी गेल्यानंतर पंधरा दिवसांनी. दुपारचा दुकानात आला. मशीन आणि तो चार्जर फडक्यात बांधून आणला होता. माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाला, "शेट, बघा बरं हे चालतं का."

मी त्याला आत बसवला. तो बोलायला लागला.

उन्हाळ्यात वाडीच्या झऱ्यावर पाणी बारीक होतं, तेव्हा पाळी लावतात. पण ज्याच्या घरात आजारी माणूस किंवा बाळंतीण, त्याचा हंडा आधी. तिथे पाळी चालत नाही आणि कुणी कुरकुरतही नाही. वाडीने तोच नियम वायरीला लावला होता. राब पेटले, भागीची छाती वाजायला लागली. मशीनमध्ये आधीची भरलेली बॅटरी होती ती संपली. मग वाडीने ठरवलं, मशीन भरेपर्यंत वायर भागीची, फोनबिन कुणी लावायचा नाही.

मेघाने त्यांना शिकवलं होतं, भरत असताना लाल दिवा, भरलं की हिरवा. यांनी मशीन लावलं. लालही नाही आणि हिरवाही नाही. चार्जरवरचा निळा ठिपका मात्र पेटलेला, म्हणजे वीज तर आहे. त्यांना वाटलं मशीनचा दिवा गेला असेल. मग भरलं कसं कळणार? जास्त वेळ ठेवू, म्हणाले. पहिला दिवस दहा ते चार. दुसरा दिवस दहा ते चार. कमळूदादा दोन्ही दिवस कामाला गेला नाही. हातात काठी घेऊन वायरीपाशी बसून राहिला, बकऱ्या येऊ नयेत म्हणून आणि माणसं येऊ नयेत म्हणून.

"आनि नागूनं घात केला," तो म्हणाला.

नागू हा भागीचा धाकटा भाऊ. पंचविशीचा, बहिणीच्याच घरी वाढलेला. त्याला खालच्या ठेकेदाराला कामासाठी फोन करायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कमळूदादा पाण्याला उठला तेवढ्यात नागूने मशीन काढून आपला फोन लावला. दहा मिनिटं. कमळूदादा आला, बघितलं, फोन उपटून फेकला, मशीन परत लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच भागीला जोराचा दम लागला. मशीनचं बटण दाबलं, वाफ नाही. पुन्हा दाबलं, नाही. चार फोनांपैकी तीन मेलेले. नागूच्या फोनमध्ये त्या दहा मिनिटांची धुगधुगी होती. त्यानेच एकशेआठला लावला. तिकडून बाई विचारायला लागली, तालुका कुठला, गाव कुठलं. कर्जत, कळंबच्या वर, असं म्हणेपर्यंत फोन बंद पडला. वाडीचं नाव सांगायचं राहिलं. मग झोळी केली, धावत निघाले. ओढ्यापर्यंत आले. ओढ्यात झोळी खाली ठेवली तेव्हा भागी संपली होती.

"दोन दिस भरलं मशीन," कमळूदादा म्हणाला. "आनि एक फुंकर नाय निघाली. नागू बोलतो दहाच मिनटं काढलं. कोन इस्वास ठेवील? मी झाड्याला गेलो, पान्याला गेलो, तवा तवा काढत असंल. माझ्या पाठीमागं त्यानं किती पाळ्या मारल्या देवाला ठाव." नागूला वाडीतून काढलं होतं. दहाव्यालासुद्धा कुणी बोलावलं नाही, बहीण सख्खी असून. तो खालापूरकडे कुंभिवलीला कुठेतरी हमालीला लागला होता.

कमळूदादा बोलत होता आणि मला काउंटरवरची ती वायर दिसत होती. दोन्ही टोकांना सारखंच तोंड.  मला तेव्हाच सगळं कळलं होतं. तरी मी काय केलं? माझ्या खणातली चपटी वायर काढली, जुना चार्जर काढला, मशीनला लावला. लाल दिवा लगेच पेटला.

"दिवा हाय की!" कमळूदादा उठून उभा राहिला. "मशीन चांगलं हाय?"

"चांगलं हाय," मी म्हणालो.

"म्हंजी त्यानंच." एवढंच म्हणाला आणि खाली बसला. मग उठून मशीन न घेताच निघून गेला. मी त्याला हाक मारायला पाहिजे होती. मारली नाही. माझी वाचाच बसली असं मी स्वतःला सांगत होतो, पण खोटं आहे ते. पुढच्याच मिनिटाला एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी मी स्क्रीनगार्डबद्दल नीट बोललो. मी घाबरलो होतो. एवढं सरळ आहे ते.

संध्याकाळी घरी गेलो, जेवण जाईना. मेघाने विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं.  ते मशीन तिने चार-चार खेटे घालून आणलं होतं. मग म्हणाली, "गिऱ्हाइकाला रोज सांगता ना तुमी, चपटी लावा म्हणून? टॉर्चवाल्यालासुद्धा सांगता."

"सांगतो."

"मग भागीला नाय सांगावंसं वाटलं?"

 तिने ताट उचललं आणि आत गेली. आतून म्हणाली, "उद्या सकाळी जा वर. नाय तर मी जाते."

सकाळी गेलो. मशीन, दोन्ही चार्जर, दोन्ही वायरी घेऊन गेलो. कमळूदादा अंगणवाडीच्या ओट्यावर बसला होता. ऊन वर येऊन बोर्डाला वीज येईपर्यंत थांबलो. मग मी बोर्डावर तो महागाचा चार्जर लावला. आधी फोन जोडून दाखवला, चालू. मग मशीन जोडलं. काही नाही. मग चपटी वायर लावली. लाल दिवा. पुन्हा काढली, पुन्हा महागाची लावली. काही नाही. तिसऱ्या वेळेला त्याने माझा हात धरला.

"पुरे, शेट."

"नागूनं काय केलं नाय," मी म्हणालो. "दोन दिवस काय, दोन महिने लावून ठेवलं असतं तरी त्यात थेंबभर वीज गेली नसती. वायर माझी होती. मला ठाऊक होतं आणि मी बघितलं नाय. मारायचं तर मला मार."

मला खरंच वाटत होतं, मारेल. काठी त्याच्या बाजूलाच होती. पण तो नुसता त्या बोर्डाकडे बघत बसला. मग म्हणाला, "गाडी हाय ना तुमची? नागूकडं चला. त्याला सांगा. माझ्यानं नाय सांगवनार."

त्याला मागे बसवून निघालो. कर्जत, पळसदरी, खोपोली, मग हायवेने कुंभिवली. तासाभराची वाट. वाटभर मी डोक्यात वाक्यं जुळवत होतो, आणि खरं सांगायचं तर मला थोडं हलकं वाटायला लागलं होतं. एक माणूस विनाकारण पोळतोय, त्याला मी सोडवायला चाललोय, असं काहीतरी. माझा स्वभावच असा आहे, गुन्हा करायलाही भाषण लागतं आणि कबूल करायलाही.

नागू फरशीच्या ठोकळ्यांच्या कारखान्यात ट्रक भरत होता. अंगभर सिमेंटची राखाडी धूळ. कमळूदादाला बघून तो दोन पावलं मागे सरकला. मारायला आलेत असंच त्याला वाटलं असणार. मी घाईघाईने बोलायला सुरुवात केली. चार्जर, वायर, मुकं मशीन, सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि हातावरची धूळ चोळत होता. पाठीमागे हायवेवरून ट्रक जात होते, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागत होतं.

"म्हंजी मी ती दहा मिनटं नसती काढली, तरी?" त्याने विचारलं.

"तरी काय फरक पडला नसता. मशीन रिकामंच राहिलं असतं. तुझा काय दोष नाय, नागू. दोष सगळा माझा हाय."

तो रडेल, नाहीतर माझ्या अंगावर येईल, दोन्हीची मी तयारी केली होती. तो मात्र काहीतरी मनात जुळवत होता.

"आनि माझा फोन दिसभर लावला असता तर?"

मला प्रश्न कळला. कमळूदादालाही कळला, कारण त्याने मान वर केली. मी खरं सांगायला म्हणून आलो होतो आणि खरं अजून संपलं नव्हतं. मला खोटं बोलता आलं असतं. पण आदल्या दिवशी तेच करून झालं होतं.

"तर फोन भरला असता," मी म्हणालो. "वाडीचं नाव सांगता आलं असतं."

"गाडी आली असती?"

"आली असती. बहुतेक."

नागूने मान हलवली. कमळूदादा ठोकळ्यांच्या थप्पीवर बसला. 

"मी काढला त्याचा फोन," तो म्हणाला. आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नाही. "बहिनीच्या जिवावर उठलास का रं, असं बोललो त्याला. काठी उगारली. तो बोलत होता, दाजी, पाच मिनटं राहू द्या. मी नाय राहू दिला."

"तुमाला काय ठाव होतं, दाजी," नागू म्हणाला.

"दोन दिस मीच राखत बसलो. कोनाला हात लावू दिला नाय."

"दोष माझा हाय, कमळूदादा," मी पुन्हा म्हणालो. या वेळेला मोठ्यानेच. "वायर माझी होती. तुला कसं कळणार?"

त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. नागू त्याच्या शेजारी जाऊन बसला. दोघांचे खांदे एकमेकांना टेकले होते, आणि दोघंही समोरच्या ट्रककडे बघत होते. आतून मुकादमाने नागूच्या नावाने हाक मारली, तरी तो उठला नाही. मी तसाच उभा. मला एक शिवी पाहिजे होती. एक थोबाडीत पाहिजे होती. ती मिळाली असती तर माझं मला काहीतरी घेऊन घरी जाता आलं असतं. पण त्या दोघांना माझ्यावर रागवायलासुद्धा सवड नव्हती.

बऱ्याच वेळाने कमळूदादाला मी तिथे असल्याची आठवण झाली. त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून नेहमीसारखं, अगदी अदबीने म्हणाला,

"तुमी जा, शेट. दुकान उघडायचं असंल तुमाला."